घरचा स्टोरेज सर्व्हर: डिस्क बदलली तरी चेकसमच्या चुका तशाच, आता काय बदलू?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

घरात सहा डिस्कांचा एक स्टोरेज सर्व्हर चालवतो. जुन्या डेस्कटॉपची कॅबिनेट, त्यात ट्रूनॅस (लिनक्सवालं), सहाही डिस्क ४ टीबीच्या आणि सगळ्या मिळून एक रेडझेड-२ पूल (झेडएफएस या फाइलसिस्टिमचा एकत्र साठा, दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो). वडिलांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून त्यावर ठेवल्यात, मुलींचे जन्मापासूनचे फोटो आहेत, बायकोचं संशोधनाचं काम आहे. सव्वाचार वर्षं यंत्राने हूं की चूं केलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) झाल्यावर मेल आली. पाचव्या डिस्कसमोर चेकसमच्या (वाचलेला डेटा लिहिलेल्याशी न जुळण्याच्या चुकांच्या) रकान्यात ४३. डेटा दुरुस्त झालाय, पण डिस्ककडे लक्ष द्या, अशा अर्थाचं काहीतरी. मी झेडपूल क्लिअर (चुकांचे आकडे पुसायची आज्ञा) मारलं आणि विसरून गेलो. पुढच्या महिन्यात पाचवीवर ११२ आणि सहावीवर १७. म्हटलं, पाचवी चालली. नवी डिस्क आणली, रिप्लेस केली, रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) रात्रीत आटोपलं, जीव भांड्यात पडला. परवा पुन्हा स्क्रब झालं: नव्या पाचवीवर २९, सहावीवर ८.

नवी कोरी डिस्क! स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या) रिपोर्टात ५, १९७ आणि १९८ हे तिन्ही आकडे दोन्ही डिस्कांवर शून्य आहेत.

प्रश्न दोन. नवी डिस्कच खराब निघाली असं समजू का? आणि पूल ८३ टक्के भरलाय, १२ टीबीच्या डिस्क घ्यायचं एवीतेवी मनात आहेच. मग मदरबोर्डापासून सगळंच एकदाचं बदलून टाकू का? डोक्याचा ताप तरी जाईल.

डबडं

धागा उघडला आणि शेजारच्या खोलीतला माझा सर्व्हर खाकरला. कृपया असे धागे हेडफोन लावून लिहावेत.

आडवा_तिडवा

नवी डिस्क खराब निघू शकते. नवी म्हणजे चांगली हा गैरसमज आहे. परत करा, दुसरी घ्या. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

चिकित्सक_बोका

परत करू नका. एका जागी आधी एक डिस्क बसली होती, तिने तक्रार केली. आता दुसरी बसली, तिचीही तीच तक्रार. अशा वेळी जागेची चौकशी करायची असते.

तुम्ही ५, १९७, १९८ पाहिलेत, छान. ते तिन्ही डिस्कच्या पोटातले आजार. ५ म्हणजे मेलेल्या सेक्टरांच्या जागी वापरलेले राखीव सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. पण १९९ सांगितलाच नाहीत. डिस्क आणि कंट्रोलर यांच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडला तर तो वाढतो. बहुतेक वेळा सॅटा केबल. एक लक्षात ठेवा, केबल बदलली की १९९ वाढायचा थांबतो, पण शून्यावर परत कधीच येत नाही. म्हणून आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा.

शिवाय पाचवी आणि सहावी कुठल्या पोर्टांना लावल्यात?

रात्रपाळी

@बोका, नव्या डिस्कवर १९९ शून्य, सहावीवर २. मदरबोर्डावर सहा पोर्ट आहेत, सहाही वापरात. आता माहितीपत्रक काढून पाहिलं तर त्यातले चार चिपसेटचे आणि दोन कुठल्यातरी वेगळ्या चिपवरचे निघाले. आणि हो, पाचवी-सहावी त्या वेगळ्या चिपवरच आहेत!

पाना_पक्कड

मग सापडला की चोर. मदरबोर्डावर जास्तीचे दोन पोर्ट देण्यासाठी जी चिप बसवतात तिच्यावर मी तरी कधी पूल ठेवत नाही. एचबीए (डिस्का जोडायचं वेगळं) कार्ड घ्या. एलएसआय ९२११-८आय किंवा त्याच्या जातकुळीतलं कुठलंही, आयटी मोडचं फर्मवेअर टाकलेलं. त्याला आठ डिस्क जोडता येतात. रेड मोडमधलं घेऊ नका, झेडएफएसला डिस्क उघड्यावाघड्या दिसायला हव्यात, मध्ये कुणाचा शहाणपणा नको.

दोन गोष्टी सांभाळा. ही कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात बसण्यासाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकला हात लावून बघा, चटका बसतो. वर एक छोटा पंखा झिप टायने बांधा. दुसरं म्हणजे केबल. एका बाजूला कार्डाचं चपटं तोंड आणि दुसऱ्या बाजूला चार सॅटा, अशी ब्रेकआउट केबल लागते. तिच्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन जाती दिसायला अगदी जुळ्या. तुम्हाला फॉरवर्ड हवी. मी उलटी घेतली होती आणि दोन दिवस कार्डाला शिव्या देत होतो.

शेंडेफळ

एक बाळबोध प्रश्न. सहा-सहा, दहा-दहा पोर्टांची साधी पीसीआय एक्स्प्रेस कार्डं मिळतात ना? ती का नको?

पाना_पक्कड

@शेंडेफळ, सगळीच वाईट नाहीत. एएसएम११६६ चिपवर सहा पोर्ट खरोखरचे असतात, जेएमबी५८५ वर पाच. घोळ होतो तो दहा-बारा पोर्टांच्या कार्डांवर. तिथे बऱ्याचदा आत पोर्ट मल्टिप्लायर असतो, एका वाटेवर चार-पाच डिस्क. एक डिस्क अडखळली की त्या वाटेवरच्या सगळ्यांना धक्का बसतो.

कंदील

थांबा. नवीन काही विकत घेण्याआधी फुकटात होणारी तपासणी करून घ्या.

मशीन बंद करा. पहिल्या डिस्कची आणि पाचव्या डिस्कची सॅटा केबल डिस्कच्या बाजूने आपापसात बदला. झेडएफएसला कुठली डिस्क कुठल्या पोर्टवर आहे याने काडीचा फरक पडत नाही, ओळख डिस्कवरच लिहिलेली असते. मग स्क्रब चालवा. चुका पहिलीवर गेल्या तर पोर्ट किंवा केबल दोषी. पाचवीवरच राहिल्या तर दोष डिस्कबरोबर फिरतोय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा अधीर होऊन केबल, पोर्ट आणि रॅम एकाच रात्री बदलले, बिघाड गेला, आणि तो नेमका कशामुळे होता हे मला आजतागायत ठाऊक नाही. नंतर वर्षभर प्रत्येक स्क्रबच्या रात्री धास्ती.

आणि हात लावण्याआधी प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर चिकटपट्टीवर लिहून तिच्या दर्शनी बाजूला लावा. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, ती रीस्टार्टनंतर बदलू शकतात.

भिंतीवरची_पाल

सिरियल नंबराला +१००. माझी कहाणी ऐका. चार डिस्कांचं रेड-५, म्हणजे एकच डिस्क गेलेली चालते. तिसरी मेली असा निरोप आला. मी वरून मोजत तिसरी काढली. कॅबिनेटवाल्याने मोजायला खालून सुरुवात केली होती. म्हणजे एक मेलेली आत आणि एक धडधाकट माझ्या हातात. ती हातात धरून मी जे काही पुटपुटले ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. वाचला डेटा, कारण काढलेली परत जोडून ॲरे जबरदस्तीने उभा करता आला. पण पुढचे दोन तास माझे पाय लटपटत होते.

डबडं

@पाल, वरून की खालून हा प्रश्न अंडं आधी की कोंबडी आधी याच्याच पंगतीतला आहे.

आडवा_तिडवा

रेड-५ वापरणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. १० चा चौदावा घात एवढ्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक, म्हणजे साडेबारा टीबी वाचले की एक चूक ठरलेली. आजच्या आकाराच्या डिस्का घेतल्यात तर रीबिल्ड पुरं होणारच नाही. साधं गणित आहे.

गोगलगाय

@आडवा_तिडवा, गणित साधं आहे म्हणूनच फसवं आहे. तो आकडा निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा असतो, सरासरी नव्हे. तो शब्दशः खरा असता तर माझ्या २० टीबी भरलेल्या पूलवर दर महिन्याच्या स्क्रबला एक-दोन चुका यायला हव्या होत्या. कित्येक महिने शून्य आहे. मोठ्या डिस्कांना दोन पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभारायची जादा नोंद) हव्यात हे मलाही मान्य, पण कारण वेगळं. रिसिल्व्हरला दिवस-दीड दिवस लागतो, आणि तेवढा वेळ बाकीच्या एकाच वयाच्या, एकाच खेपेत घेतलेल्या डिस्का ऊर फुटेस्तोवर पळत असतात. दुसरी जायची ती तेव्हाच जाते.

कंदील यांच्याशी सहमत. आधी केबल. आणि रॅमही तपासा, एक रात्र मेमटेस्ट चालू ठेवून. माझ्याकडे एकदा सगळ्या डिस्कांवर थोड्याथोड्या चेकसम चुका यायला लागल्या होत्या, जवळपास सारख्या. एकाच आठवड्यात सगळ्या डिस्का कशा आजारी पडतील? निघालं काय, तर बायॉसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम जादा वेगाने पळवणारी सेटिंग) चालू होतं. ते बंद केल्यावर सगळं शांत. तुमच्याकडे दोनच डिस्कांवर चुका आहेत, त्यामुळे रॅमवर माझा संशय कमी, पण तपासायला काय जातं?

आडवा_तिडवा

मग ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) रॅम का घेत नाही कुणी?

गोगलगाय

घ्यावी, जमत असेल तर. पण ईसीसी नसेल तर झेडएफएस वापरूच नका हे जे लोक छातीठोकपणे सांगतात ते मला पटत नाही. खराब रॅम कुठल्याही फाइलसिस्टिमची वाट लावते. झेडएफएस निदान बोंब तरी मारतं.

रात्रपाळी

मंडळी, अहवाल.

मेमटेस्ट रात्रभर, एकही चूक नाही. पहिली-पाचवी केबल अदलाबदल केली. आज स्क्रब संपलं. पहिली, जी आता त्या संशयित चिपवर आहे: शून्य. पाचवी, जी आता चिपसेटच्या पोर्टवर आहे: १४. सहावीवर ३.

म्हणजे पोर्टही नाही, केबलही नाही. चूक डिस्कबरोबर फिरली.

आडवा_तिडवा

पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डिस्क खराब आहे.

चिकित्सक_बोका

मग आधीची पाचवीही खराब, नवी पाचवीही खराब आणि सहावीही? तीन डिस्का, त्यातली एक वेगळ्या वर्षी बनलेली, तिघींचं पोट साफ, १९७ शून्य. मला पटत नाही. पण सध्या माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. कर्नलच्या लॉगमध्ये त्या दोन डिस्कांबद्दल काही दिसतंय का? हार्ड रिसेटिंग लिंक वगैरे?

रात्रपाळी

भरपूर! पाचवीच्या नावाने स्क्रबच्या वेळात अकरा वेळा हार्ड रिसेटिंग लिंक. सहावीच्या नावाने चार. बाकी चौघींचं एकदाही नाही.

शेंडेफळ

तोवर अवांतर विचारू का? मी एक्स्टर्नल डिस्कचं खोकं फोडून आतली डिस्क काढली, सर्व्हरला लावली. मेलेली. फिरतही नाही. परत खोक्यात घातली की चालते. भुताटकी आहे का?

पाना_पक्कड

भुताटकी नाही, ३.३ व्होल्ट. सॅटा पॉवरच्या कनेक्टरवर तिसरी पिन जुन्या काळात ३.३ व्होल्टची होती, कुणी फारशी वापरत नसे. सॅटा ३.३ च्या मानकात तिला नवं काम दिलं: तिथे व्होल्टेज आलं की डिस्क बंद ठेवायची, म्हणजे डेटा सेंटरवाल्यांना लांबूनच अडकलेली डिस्क रीसेट करता येते. तुमचा पॉवर सप्लाय जुन्या पद्धतीने तिथे सतत ३.३ देतोय आणि डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणाऱ्या टेपचा) बारीक तुकडा चिकटवा. चिमट्याने लावा, बोटांनी नाही जमणार.

आडवा_तिडवा

टेपबिप कशाला? मोलेक्समधून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडातून) सॅटा करणारा अडॅप्टर घ्या. मोलेक्समध्ये ३.३ ची तारच नसते, प्रश्न मिटला.

गोगलगाय

@शेंडेफळ, टेपच लावा. तो मोलेक्सवाला अडॅप्टर घ्यायचाच झाला तर नीट पाहून घ्या. त्यात दोन प्रकार येतात. एकात सॅटाच्या टोकाला प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतलेलं असतं, तारा त्या ठोकळ्यात गाडलेल्या. ओतताना तारा इकडेतिकडे सरकतात, १२ व्होल्ट आणि जमिनीची तार यांच्यात नखाएवढंही अंतर उरत नाही, आणि कधीतरी ते प्लॅस्टिक तापून जळतं. दुसऱ्या प्रकारात पिना दाबून बसवलेल्या असतात, मागचं झाकण उघडता येतं. तो त्या मानाने बरा.

स्प्लिटर लावायचाच तर हिशेबही करा. सॅटा पॉवरच्या एका पिनेला दीड अँपियर, १२ व्होल्टच्या तीन पिना, म्हणजे एका कनेक्टरमागे साडेचार अँपियर. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते. एका सॅटावरून दोन डिस्का काठावर चालतात. चार लावल्यात तर तुमचं तुम्ही बघा.

रात्रपाळी

गोगलगाय, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या पॉवर सप्लायला चारच सॅटा कनेक्टर आहेत. पाचवी आणि सहावी एका मोलेक्स-ते-दोन-सॅटा स्प्लिटरवर चालतात. सव्वाचार वर्षांपूर्वी लावला होता, त्याचं अस्तित्वच विसरलो होतो. सॅटा केबल अदलाबदल केली तेव्हा पॉवरला हातही लावला नव्हता!

गोगलगाय

उघडण्याआधी एक करा. सगळ्या डिस्कांचे स्मार्टमधले १२ आणि १९२ हे आकडे टाका. १२ म्हणजे डिस्क किती वेळा चालू-बंद झाली, १९२ म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा घाईने मागे घ्यावं लागलं. सगळ्या एकाच खोक्यात आहेत, एकाच बटणावर चालतात, तर १२ चा आकडा सगळ्यांचा साधारण सारखाच यायला हवा.

रात्रपाळी

१२ चे आकडे: पहिली ते चौथी, चौघींचे ६४. सहावी १३१. नवी पाचवी, जिला येऊन तीन आठवडे झालेत आणि माझ्या आठवणीत मशीन चारदा बंद केलंय: २२.

१९२ चं तेच. पहिल्या चौघींचा किरकोळ, या दोघींचा चढलेला.

चिकित्सक_बोका

टोपी काढतो, गोगलगाय. मी तीन दिवस डेटाच्या वाटेवर दिवा घेऊन शोधत बसलो आणि डिस्का विजेवाचून चक्कर येऊन पडत होत्या.

चेकसमच्या चुकाही आता उलगडतात. डिस्कने लिहायला घेतलेलं काही तिच्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) असतं. वीज क्षणभर गेली की ते वाफ होऊन जातं. डिस्क पुन्हा उठते, लिंक रीसेट होते, वरच्या थराला वाटतं लिहून झालं. पुढच्या स्क्रबला झेडएफएस तिथे वाचायला जातं तर जुनंच काहीतरी सापडतं, चेकसम जुळत नाही. ते पॅरिटीवरून दुरुस्त करतं आणि रकान्यात एक वाढवतं. डिस्कच्या मते तिने काहीच चुकवलेलं नाही, म्हणून १९७ शून्य.

कंदील

आणि स्क्रबलाच का, तर तेव्हा सहाही डिस्का आठ-नऊ तास सलग कामाला जुंपलेल्या असतात. सैल झालेला किंवा काळवंडलेला जोड तापतो, तापला की रोध वाढतो, रोध वाढला की व्होल्टेज पडतं. एरवी फोटो पाहण्यापुरतं काम असताना काही होत नाही.

रात्रपाळीभाऊ, ते मशीन आत्ता बंद करा. खरंच.

रात्रपाळी

बंद करून उघडलं.

स्प्लिटर साच्यातलाच आहे. पाचवीचा कनेक्टर काढताना नेहमीसारखा खट्कन निघाला नाही, चिकटल्यासारखा हळूहळू सुटला. टॉर्च मारून पाहिलं तर १२ व्होल्टच्या बाजूचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी, आणि एका पिनेभोवती कडा मऊ होऊन आत ओघळलेली. नाकाजवळ नेला तर जुन्या जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वास. पिवळ्या तारेचं वेष्टण कनेक्टरजवळ बोटभर कडक झालंय, वाकवलं तर तडकलं. डिस्कच्या बाजूच्या पिना मात्र स्वच्छ आहेत.

हे मी मुलींच्या खोलीच्या भिंतीपलीकडे चोवीस तास चालू ठेवलं होतं.

भिंतीवरची_पाल

अरे देवा. वाचलात.

डबडं

आज विनोद सुचत नाहीये. उठून माझं खोकं उघडून आलो. चार डिस्का, चारही थेट सप्लायवर. आता सुचेल.

गोगलगाय

बरं झालं वेळेत सापडलं. आणि ती जुनी पाचवी डिस्क फेकली नाहीत ना? ती बहुधा निर्दोष आहे. लाँग टेस्ट करून बॅकअपसाठी वापरता येईल.

रात्रपाळी

तिला ड्रिलने तीन भोकं पाडली मी. डेटा कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

डबडं

सुचला. पण मृताबद्दल वाईट बोलू नये.

चिकित्सक_बोका

आता वरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे या, सगळं बदलू का. माझं मत: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम यांनी काही गुन्हा केलेला नाही. फक्त पॉवर सप्लाय बदला. नुसते वॅट पाहू नका, सॅटा कनेक्टर किती आणि किती वेगळ्या तारांवर आहेत ते पाहा. सहा डिस्का एकदम फिरायला लागल्या की १२ व्होल्टवर काही क्षण बारा-एक अँपियर लागतात, म्हणजे दीडशे वॅटच्या आसपास, तेवढं धरून चाला. मॉड्युलर असेल तर केबल त्याच सप्लायच्या डब्यातल्या वापरा. दुसऱ्या सप्लायच्या केबल बसतात, पण पलीकडच्या पिनांची रचना वेगळी असू शकते आणि सगळ्या डिस्का एका झटक्यात जातात.

पाना_पक्कड

आणि एचबीए तरीही घ्याच. ती चिप दोषी नसली तरी कार्ड उपयोगी आहे. सहाही पोर्ट भरलेले असताना डिस्क बदलायची तर जुनी काढूनच नवी लावावी लागते, तेवढा वेळ पूल एका पायावर. मोकळा पोर्ट असेल तर जुनी जागेवर ठेवून नवी शेजारी लावायची आणि मग झेडपूल रिप्लेस. जुनी शेवटपर्यंत हाताशी राहते. सहा वेळा करायचंय म्हटल्यावर हा फरक लहान नाही.

कंदील

@रात्रपाळी, डिस्का घेताना सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) आहेत ना ते पाहा. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधलं काही बदलायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. रिसिल्व्हरमध्ये अशी डिस्क रांगायला लागते, कधी पूलमधून बाहेर फेकली जाते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का न सांगता एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, तेव्हापासून मी मॉडेल नंबर तपासल्याशिवाय घेत नाही.

आणखी एक: एकेक करत सहाही बदलल्या तरी जागा वाढलेली दिसेल ती शेवटची डिस्क बदलून झाल्यावरच. तोवर घाबरू नका. ऑटोएक्स्पांड (वाढलेली जागा आपोआप वापरात घेणारी सेटिंग) चालू आहे का ते आधी पाहा.

शेंडेफळ

हल्ली रेडझेडमध्ये एखादी डिस्क नुसती वाढवता येते ना? मग सहा कशाला बदलायच्या, सातवी जोडा.

गोगलगाय

@शेंडेफळ, येते. ओपनझेडएफएस २.३ पासून, २०२५ च्या जानेवारीत आलं. पण जुना डेटा जुन्याच प्रमाणात राहतो, चार भाग डेटा दोन भाग पॅरिटी. नव्याने लिहिलेलाच पाचास दोन होतो. म्हणून अपेक्षेपेक्षा थोडी कमी जागा मिळाल्यासारखी वाटते. आणि यांच्या डिस्का चार वर्षं उलटलेल्या आहेत. सातवी जोडून थोडे दिवस ढकलता येतील, पण यांना तिप्पट जागा हवीय.

आडवा_तिडवा

बॅकअपचं कुणीच विचारलं नाही. रेडझेड-२ म्हणजे बॅकअप नव्हे. त्या स्प्लिटरने पेट घेतला असता तर दोन पॅरिटी काय करणार होत्या?

चिकित्सक_बोका

आडवा_तिडवा यांच्याशी सहमत व्हायची ही माझी पहिलीच वेळ. तारीख नोंदवून ठेवतो.

रात्रपाळी

कॅसेटी आणि फोटो भावाकडच्या एका डिस्कवर आहेत, पण आठ महिने जुने. बायकोचं काम रोज दुसरीकडे जातं, ते तिने माझ्यावर सोडलेलं नाही, आता कळलं का ते.

ठरवलेलं सांगतो. सप्लाय बदलला, आठ सॅटा, चार वेगळ्या तारांवर. स्प्लिटर कापून टाकला. काल स्क्रब पूर्ण झालं: सहाही रकाने शून्य, लॉगमध्ये एकही रीसेट नाही, पाचवीचा १२ चा आकडा सप्लाय लावल्यापासून हललेला नाही. एचबीए मागवलंय, पंखाही. डिस्का दोन-दोन करून घेणार, वेगवेगळ्या खेपांतल्या. आणि सगळ्यात आधी भावाकडची प्रत ताजी करणार.

पहिली १२ टीबीची आलीय. थेट पूलमध्ये घालू की आधी तपासू?

कंदील

आधी तपासा. स्मार्टची लाँग टेस्ट, मग बॅडब्लॉक्स (डिस्क तपासणारा प्रोग्राम) लिहिण्याच्या मोडमध्ये, मग पुन्हा लाँग टेस्ट. बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितं आणि चारदा परत वाचतं. १२ टीबीला पाच-सहा दिवस धरा. ब्लॉकचा आकार ४०९६ द्यायला विसरू नका. नाहीतर एवढ्या मोठ्या डिस्कवर आकडा मावत नाही म्हणून ते सुरूच होणार नाही. आणि डिस्कचं नाव तीनदा वाचा. त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, चुकून पूलमधलीचं नाव टाकलंत तर इथे वेगळा धागा काढावा लागेल.

रात्रपाळी

चालू केलं. तीनदा वाचलं, चौथ्यांदा बायकोकडून वाचून घेतलं. दुसरा नमुना चालू आहे, डिस्क ४१ अंशांवर.

शेंडेफळ

टेप लावली, डिस्क फिरली! धन्यवाद पाना_पक्कड.

पण आता भीती वाटतेय. माझ्याकडेही एक मोलेक्सवाला अडॅप्टर आहे, दुसऱ्या डिस्कवर. काळा आहे. मागे झाकणासारखं काही दिसत नाही, सगळं एकसंध वाटतंय. साच्यातला आहे का हा? हात लावला तर जरा कोमट आहे.

चिकित्सक_बोका

मशीन बंद करा, मग फोटो टाका. याच क्रमाने.